तारीख पुढे गेली, अ‍ॅडव्हान्सचं काय? बडोद्यातल्या घरोघरी जाणाऱ्या एका ब्युटिशियनचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही ताई बडोद्यात घरी जाऊन पार्लरचं काम करते. दुकान नाही, बोर्ड नाही, अ‍ॅक्टिव्हाच्या पुढ्यात वॅक्स हीटरची पिशवी आणि मागच्या सीटला बांधलेली व्हॅनिटी, एवढाच कारभार. तिचे हिशोब मी बघते म्हणून हे सगळं मला माहितीये आणि तिला विचारूनच लिहितेय. नावं टाकत नाही, एरियाही सांगत नाही, कारण इथली मराठी मंडळी म्हणजे दांडिया बाजारात कोणी शिंकलं तर मांजलपूरहून "सत्य आहे" ऐकू येतं.

तिची कमाई दोन तऱ्हेची. रोजचं काम म्हणजे थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल, कोणाचे केस रंगवायचे, बिल पाचशे ते तीन हजार. आणि सीझनचं म्हणजे नवरात्राच्या नऊ रात्री आणि लग्नं. घर रोजच्यावर चालतं, मुलाची फी आणि गाडीचा हप्ता लग्नांवर, त्यामुळे लग्नाची एक तारीख हातची गेली की त्या महिन्याचं गणित बसत नाही.

नवरात्रातच हे बुकिंग आलं. मुलगी मराठी, मुलगा गुजराती, लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आदल्या दिवशी हळद, लग्नाच्या सकाळी नऊवारी, अंबाडा, मुंडावळ्या, आणि संध्याकाळी मुलाकडच्या पद्धतीने पानेतर (गुजराती नवरीची साडी), म्हणजे सीधा पल्लू, वेगळे केस, सगळा बेस पुसून पुन्हा पहिल्यापासून. नवरीचे तीन लूक २२,००० आणि घरातल्या पाच बायका माणशी २,००० ने १०,०००, असे एकूण ३२,०००. ट्रायल त्यातच धरलेली, वेगळी घेतली तर २,००० असं रेटकार्डावर छापलेलं. अ‍ॅडव्हान्स १०,००० यूपीआयने आला, तो मुलीच्या मामांच्या खात्यातून आला हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

लेखी काय होतं, तर रेटकार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात "अ‍ॅडव्हान्स नॉन-रिफंडेबल" ही एक ओळ. व्हॉट्सअ‍ॅपवर तो फोटो गेला, मुलीच्या आईने अंगठा दाखवला, झालं अ‍ॅग्रीमेंट.

ट्रायलच्या दिवशी मुलीच्या आईने आणि आत्यानेही हात धुवून घेतले, वॅक्सिंग, आयब्रो, आत्याचं फेशियल आणि डी-टॅन, मिळून २,८५०. "ताई, लग्नात एकदमच देऊ ना." ताई हो म्हणाली. लग्नघरात असं उसनं कोणी नाकारत नाही.

अडचण कुठे सुरू झाली

लग्नाला नऊ दिवस असताना सकाळी सकाळी मेसेज आला, "ताई काल रात्री आजी गेल्या, लग्न पुढे ढकलतोय, नंतर बोलते." वडिलांची आई, म्हणजे घराला दहा दिवसांचं सुतक, लग्न त्यातच येत होतं. तेरावा होईतो कमुरता, म्हणजे गुजराती घरांतला लग्न न करायचा महिना, तोंडावर. साधारण १५-१६ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत मुलाकडचे लग्न करणार नाहीत, आणि मधल्या चार-सहा दिवसांत हॉल कोण देतंय. त्यामुळे तारीख सरळ जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गेली. आता उत्तरायण झालं की अडलेली सगळी लग्नं एकदम सुटतात, आणि त्या नव्या तारखेला ताईकडे वाघोडिया रोडचं एक संध्याकाळचं लग्न आधीच घेतलेलं.

चार दिवसांनी फोन आला तो मुलीच्या आतेभावाचा. काम केलंच नाही तर पैसे कसले, पूर्ण १०,००० आजच्या आज माझ्या नंबरवर टाका, नाहीतर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर कम्प्लेंट करतो आणि गुगलवर रिव्ह्यू लिहितो. त्याच दुपारी मुलीचा वेगळा मेसेज, "ताई नवीन तारखेला तुम्हीच या हं, दुसरं कोणी नको." म्हणजे एकाच घरातून एकाला पैसे परत हवेत आणि दुसरीला ताईच हवी, आणि दोघांना एकमेकांचं माहीत नाही. आणि ताईने २,८५० ची आठवण करून दिली तर आतेभाऊ म्हणतो माझ्या आईच्या, म्हणजे आत्याच्या, चेहऱ्यावर तुमच्या डी-टॅनने पुरळ आलेलं, त्याचे उलट तुम्हीच द्यायला पाहिजेत. तीन आठवडे या पुरळाचा विषय कोणी काढला नव्हता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, "नॉन-रिफंडेबल लिहिलंय" म्हणून सगळं ठेवून घ्यायचं. या धंद्यातल्या बहुतेक जणी हेच करतात आणि त्यांना वाटतं ही एक ओळ म्हणजे लोखंडी दरवाजा, पण तसं नाहीये. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, जास्तीत जास्त त्या लिहिलेल्या रकमेइतकी. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात हेच धरून सांगितलं की नुकसान झालंच नसेल तर जप्तही करता येत नाही. आणि कलम ७३ चं स्पष्टीकरण म्हणतं की नुकसान मोजताना ते कमी करायचे जे मार्ग हाताशी होते तेही बघायचे. थोडक्यात, ती तारीख दुसऱ्या कामाने भरता येत असेल तर भरायची, रिकामी बसून पूर्ण पैसे मागायचे नाहीत.

दुसरा पर्याय, सगळे परत. घरात माणूस गेलंय, पैसे काय धरून बसायचं, असं ताईच्या सासूबाईंचं मत. मला ते पटलं नाही, कारण ट्रायलचे अडीच तास गेलेले, साडी नेसवायला आणि केसांना जी मदतनीस येते तिला ३,००० आधीच दिलेले, आणि लग्नाच्याच सकाळचं एका साखरपुड्याचं ८,००० चं काम ताईने "तारीख गेलीय" म्हणून परत पाठवलेलं. सुतक तिकडचं, पण तोटा इकडेही आहेच.

ताई स्वतःच एक गोष्ट काढत होती की २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा तर मी सगळ्यांचे सगळे परत केले होते, मग आता का नको? ते वेगळं होतं. तेव्हा ग्राहक घरात तयार बसलेले, रस्त्यावर पाणी आणि हीच पोचू शकत नव्हती. काम करणंच अशक्य झालं की करार संपतो, कलम ५६, आणि मग घेतलेलं परत द्यायचं, कलम ६५. इथे ताई त्या तारखेला यायला तयार होती, तारीख समोरच्यांनी हलवली. सुतकाने लग्न "अशक्य" होतं की नाही यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलतील, पण १०,००० साठी तो खेळ कोणाला परवडतो.

तिसरा पर्याय, पैसे नव्या तारखेला वळते करायचे. सगळ्यात गोड, पण नव्या संध्याकाळी ताई नाही. आणि चौथा, खरा खर्च कापून उरलेले परत.

धमकीचंही बघितलं. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, ती समेट घडवायला बघते, निकाल देत नाही. पण जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, म्हणजे तक्रार करणाऱ्याला हे फुकटात पडतं आणि ताईला मात्र तारखांना धंदा बुडवून जावं लागेल. उलट ताईला तिचे २,८५० हवे असले तर ग्राहक आयोग तिच्यासाठी नाहीच, ती ग्राहक नाही. तिला दिवाणी दावा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून लोकअदालत. मुदत तीन वर्षं आहे, पण एवढ्या रकमेला कोणी जात नाही हे समोरच्यालाही माहीत असतं.

काय केलं, आणि कुठल्या वळणावर

मेसेज आला त्या दिवशी ताईने फक्त दोन ओळी लिहिल्या, आजींबद्दल, आणि "कामाचं नंतर बघू, काळजी करू नका." पैशाचा शब्द नाही. हे मला फार बरोबर वाटलं, कारण असे मेसेज घरातले सगळे वाचतात आणि त्यात हिशोब दिसला की तो वर्षानुवर्षं सांगितला जातो. पण त्याच तासाला तिने मदतनिशीला फोन केला की तारीख सुटलीय, दुसरं काम आलं तर घे. तिला मिळालं, तिने १,५०० परत केले. साखरपुडावाल्यांना विचारलं तर त्यांनी दुसरी ठरवलेली. मग स्टेटसला टाकलं की अमुक सकाळ रिकामी आहे, आणि त्यातून तीन बायकांचा पार्टी मेकअप आला, ५,४००. खंडेराव मार्केटातल्या गजरेवाल्याने काही घेतलं नाही, तिथे तोंडी ऑर्डर होती.

दुसरं वळण, बोलायचं कोणाशी. आतेभाऊ फोनवर फोन करत होता. ताईने त्याला एवढंच सांगितलं की दादा, बुकिंग काकूंशी झालंय, मी त्यांनाच हिशोब पाठवते, आणि पैसे निघाले तर ज्या खात्यातून आलेत त्याच खात्यात जातील. या दुसऱ्या वाक्याने खरं काम केलं. अ‍ॅडव्हान्स मामांचा, परत मागतोय आतेभाऊ, तोही स्वतःच्या नंबरवर. ताईने भिडेखातर टाकले असते तर उद्या मामांनी विचारलं असतं आमचे पैसे कुठे गेले, आणि दोन्हीकडून तीच अडकली असती. संध्याकाळी मामांचा फोन आला. त्यांना या मागणीतलं काहीच माहीत नव्हतं.

मग आम्ही बसून हिशोब लिहिला. इथे थोडी वादावादी झाली, कारण ताईला नवरीच्या शेडचं फाउंडेशन आणि पापण्यांचे सेटही धरायचे होते. मी म्हटलं ते तुझ्या पेटीत आहेत, पुढच्या नवरीला लावशील, ते यांच्या बिलात कसे येतील? काढले. शेवटी मेसेज गेला तो असा:

"काकू, हिशोब पाठवते, घाई नाही, दिवस झाले की बघा. अ‍ॅडव्हान्स १०,०००, मामांकडून. मदतनिशीचे ३,००० दिले होते, त्यातले १,५०० परत मिळाले, १,५०० बुडाले. एक, नवीन तारखेला माझ्याकडून काम करून घेणार असाल तर हे १,५०० कापून ८,५०० जमा धरते, ट्रायलचे वेगळे घेत नाही. त्या संध्याकाळी माझं दुसरं काम आहे, सकाळची नऊवारी मीच करेन, पानेतरला माझी मैत्रीण येईल, तिच्या कामाचे फोटो पाठवते, पसंत पडली तरच. दोन, पूर्ण रद्द करायचं असेल तर ट्रायल २,०००, मदतनीस १,५००, तारीख अडली त्याचे २,५००, असे ६,००० कापून ४,००० मामांच्या खात्यात परत. १५ दिवसांत कळवा, तोवर नवीन सकाळ तुमच्यासाठी धरून ठेवते."

ते २,५०० कुठून आले? परत पाठवलेलं काम ८,००० चं, त्याजागी आलेलं ५,४०० चं, फरक २,६००. शंभर सोडले. तोटा यापेक्षा जास्त दाखवता आला असता, ३२,००० चं काम गेलं होतं, पण हा आकडा कोणी विचारला तर फोन उघडून दाखवता येतो, नाही म्हटलेल्या मेसेजसकट. असे चॅट डिलीट करू नयेत, डिसअपिअरिंग मेसेजेस बंद ठेवावेत, आणि नुसते स्क्रीनशॉट नाही तर मूळ चॅट फोनमध्ये राहू द्यावं.

आत्याचं पुरळ हा सगळ्यात अवघड भाग होता. ताई चिडली होती, खोटं बोलतायत म्हणून. असेलही. पण डी-टॅनच्या आधी कानामागे किंवा हातावर पॅच टेस्ट, म्हणजे थोडंसं लावून बघणं, घेतल्याची कुठेच नोंद नव्हती, कुठली क्रीम वापरली तेही लिहिलेलं नव्हतं. म्हणून तिने आत्याच्या फेशियल आणि डी-टॅनचे १,१०० सोडून दिले आणि लिहिलं, "आत्यांना त्रास झाला असेल तर त्याचे मी घेत नाही, बाकीचे १,७५० तेवढे द्या." अ‍ॅडव्हान्समधून परस्पर वळते केले नाहीत, ते वेगळं काम, वेगळं बिल. माझा आग्रह होता की वळते कर, विषय संपव, पण तिचं बरोबर ठरलं, एकात एक मिसळलं असतं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू झालं असतं.

या १,७५० चीही एक गंमत. आतेभावाने स्क्रीनशॉट पाठवला, "टाकले". ताईच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये काही नाही. नीट बघितलं तर स्क्रीनशॉटवर बारीक अक्षरात पेंडिंग. तिने भांडण न करता व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर मागितला आणि सांगितलं की फेल झाले असतील तर आपोआप तुमच्याकडे येतील, आरबीआयचा २०१९ चा नियम आहे, माणसाकडून माणसाला पाठवलेले दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत, उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये द्यायचे. दुसऱ्या दिवशी परत गेले, मग काकूंनी स्वतःच्या फोनवरून पाठवले. इथे कोणी फसवत नव्हतं. पण स्क्रीनशॉट बघून व्हॅनिटी आवरणाऱ्या बायका मी पाहिल्यात, आणि खोटा स्क्रीनशॉट बनवणं काही अवघड राहिलेलं नाही. अ‍ॅपमध्ये जमा दिसले की पैसे आले, तोवर नाही.

शेवट काय झाला

तेराव्यानंतर मामा आणि मुलगी दोघांनी मिळून मेसेजमधला पहिला पर्याय घेतला. आत्याने मेकअप करून घ्यायला नकार दिला, म्हणजे बायका चार, एकूण ३०,०००. त्यातले ८,५०० जमा, राहिले २१,५००. ताईने या वेळी आधीच लिहून घेतलं की ११,५०० लग्नाच्या सात दिवस आधी आणि १०,००० लग्नाच्या सकाळी नवरी खुर्चीत बसायच्या आत. दोन्ही वेळेवर आले, सकाळचे तर मामांनी उभ्याउभ्या पाठवले, मागे गुरुजी घाई करत होते.

नऊवारी छान झाली. संध्याकाळचं मात्र मैत्रिणीने बेस एक शेड उजळ घेतला, फोटोत गळा आणि चेहरा वेगळा दिसतो, मुलगी नाराज झाली, तिने पैशाचं काही काढलं नाही पण ताईला ते लागलं. मैत्रिणीला ८,००० द्यावे लागले ते वेगळेच. आतेभावाने मधल्या काळात टाकलेला एका स्टारचा रिव्ह्यू अजून तिथेच आहे. ताईने त्याखाली दोनच ओळी लिहिल्या की तारीख बदलल्यावर लेखी पर्याय दिले होते आणि काम ग्राहकाच्या पसंतीने पूर्ण झालंय. घरात कोण गेलं, किती पैसे, काही नाही. त्यानंतर तिला बुकिंग कमी झाली असं काही मला हिशोबात दिसत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

माझ्या मते सगळा घोळ त्या एका ओळीचा. "नॉन-रिफंडेबल" ही ओळ लग्न रद्द होण्यासाठी लिहिलेली, आणि आपल्याकडे लग्न रद्द होतं क्वचित, पुढे मात्र सारखं ढकललं जातं, सुतक, आजारपण, व्हिसा, हॉल, मुलाची सुट्टी. त्याच्यासाठी कार्डावर एक अक्षर नव्हतं. कायद्याचं राहू द्या, ते असतं तर आतेभावाला बोलायला जागाच राहिली नसती.

आता ती फोटो पाठवत नाही, टाइप करून पाठवते, मराठी घराला मराठीत, गुजराती घराला गुजरातीत, आणि समोरच्याकडून अंगठा नको, "वाचलं, मान्य" असं लिहून मागते. त्यात अ‍ॅडव्हान्स कशाचा ते फोडून असतं, एवढे ट्रायलचे, एवढे मदतनिशीचे, उरलेले तारीख धरल्याचे. तारीख एकदा बदलता येईल, घरात मृत्यू झाला असेल तर कधीही, नाहीतर २१ दिवस आधी कळवून. मी मोकळी नसले तर बदली कोण येईल ते तुमच्या पसंतीने, आणि तिची ट्रायल आधी. ही शेवटची अट त्या गळ्याच्या फोटोवरून आलीय. बायका किती ते तीन दिवस आधी ठरणार, त्यानंतर कमी झाल्या तरी पैसे तेवढेच. पैसे परत जायचे झाले तर आले त्याच खात्यात. आणि लग्नाव्यतिरिक्त जे काम होईल ते त्याच दिवशी चुकतं, "एकदमच देऊ" बंद.

पॅच टेस्टची एक छोटी वही केलीय. तारीख, काय लावलं, किती वेळाने बघितलं, ग्राहकाची सही. केसांचा रंग असेल तर दोन दिवस आधी कानामागे लावून बघते, त्यासाठी वेगळी फेरी पडते आणि पेट्रोल जातं, म्हणून नेहमीच्या फेशियलच्या वेळीच पुढच्या रंगाची टेस्ट उरकून घेते.

छोट्या कामांचं मात्र अजून नीट बसलेलं नाही. सकाळी निघायच्या आत नाही म्हटलं तर काही नाही, दारात गेल्यावर "आज नको ताई, पाहुणे आलेत" झालं तर १५० रुपये, असं ठरवलंय. नवीन ग्राहक देतात. जुने हसून चहा पुढे करतात आणि ती पिऊन येते. मी म्हणते दुसऱ्यांदा असं झालं की पुढचं बुकिंग आगाऊ पैसे घेऊनच दे, तोंडी काही न बोलता नुसता क्यूआर पाठवायचा. ती म्हणते रावपुऱ्यातल्या तीन घरांना हे सांगायचं असेल तर तूच सांग.